एका वर्गात दोन बाई

मागच्या वर्षी ऑगस्ट संपता संपता मुलीच्या शाळेकडून नव्या तुकडीचे पत्र आले. तिसरीच्या वर्गाच्या क्रमांकापुढे ‘आयसीटी’ अशी तीन अक्षरे छापलेली होती आणि खाली एका ऐवजी दोन शिक्षिकांची नावे होती. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांत या अक्षरांचा अर्थ ‘इंटिग्रेटेड को-टीचिंग’ असा होतो, म्हणजे विशेष गरजा असलेली मुले आणि इतर मुले एकाच वर्गात दिवसभर बसतात आणि त्यांना एक सर्वसाधारण शिक्षिका व एक विशेष शिक्षणाची शिक्षिका अशा दोघी मिळून शिकवतात. अशा वर्गात विशेष गरजांची मुले किती असावीत यालाही मर्यादा आहे: जास्तीत जास्त बारा, आणि वर्गाच्या पटाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक नाहीत. अठ्ठावीस मुलांचा वर्ग धरला तर ही संख्या अकरापर्यंत जाते. पत्र हातात असतानाच मी हा हिशेब मनात केला होता, आणि तो कोणत्या भावनेतून केला होता हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

माझी मुलगी त्या अकरांपैकी नव्हती. म्हणून माझ्या मनात आलेला प्रश्न अगदी सरळ आणि अगदी स्वार्थी होता: बाईंचा वेळ त्या मुलांकडे गेला, तर हिच्या अभ्यासाचे काय?

त्या रात्री साताऱ्याला आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘दोन बाई? म्हणजे द्विशिक्षकी शाळा का गं तुमची?’ तिने सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत केली. पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी वाटून घ्यायचे, हा तिच्या लेखी दोन शिक्षकांचा अर्थ. एकाच वर्गात, एकाच तासाला, दोन पूर्ण पगाराच्या शिक्षिका उभ्या असतात हे तिला खरे वाटेना. ‘मग दुसरी करते काय?’ असे तिने विचारले. हाच प्रश्न पुढे वर्षभर माझ्या डोक्यात फिरत राहिला, आणि या विषयावर मी जे काही वाचले त्यातला सगळ्यांत कळीचा प्रश्न तोच निघाला.

माझे पोट आकडेवारीवर चालते. विमा कंपनीत जोखमीचे गणित करणे हे माझे काम आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या मराठी पालकांच्या गटात ‘आयसीटीत टाकले म्हणजे मुलगी मागे पडणार’ आणि ‘उलट दोन शिक्षक मिळाले, नशीबवान आहात’ अशी दोन्ही मते सारख्याच ठामपणे आली, तेव्हा मी मूळ अभ्यास शोधून वाचायला बसले.

त्याआधी हे वर्ग आले कुठून ते थोडक्यात सांगते. 1975 साली अमेरिकेच्या काँग्रेसने सर्व दिव्यांग मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला. त्याआधी दहा लाखांहून अधिक मुले सरकारी शाळांच्या व्यवस्थेबाहेरच होती. ‘कमीत कमी निर्बंध असलेले वातावरण’ हे या कायद्याचे मुख्य तत्त्व. मुलाला इतर मुलांपासून वेगळे काढायचे असेल, तर ते का काढले हे शाळेने पटवून द्यायचे. 1990 मध्ये या कायद्याला आजचे ‘आयडिया’ (‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट’चे लघुरूप) हे नाव मिळाले, आणि 1997 च्या दुरुस्तीने या मुलांना इतरांचाच अभ्यासक्रम मिळाला पाहिजे यावर भर दिला. 2002 पासून शाळांच्या निकालात दिव्यांग मुलांच्या गटाचे गुण स्वतंत्र मोजले जाऊ लागले आणि मग शाळांना त्यांना तळघरातल्या वेगळ्या खोलीत ठेवणे परवडेना. आज या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुले शाळेचा ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक वेळ सर्वसाधारण वर्गात असतात. त्यांना तिथे नुसते बसवून उपयोग नव्हता, कोणीतरी त्यांना तिथेच शिकवायला हवे होते, आणि त्यातून दुसरी शिक्षिका वर्गात आली. म्हणजे ही सगळी मांडणी माझ्या मुलीसाठी केलेलीच नव्हती. तिच्यासारख्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न संशोधकांनी बराच नंतर आणि बराच कमी विचारला.

हा प्रश्न विचारणे अवघडही आहे. सहअध्यापनाच्या, म्हणजे अशा दोन शिक्षिकांच्या, वर्गातल्या सर्वसाधारण मुलांचे सरासरी गुण घ्यायचे, शेजारच्या एका शिक्षिकेच्या वर्गाचे घ्यायचे आणि वजाबाकी करायची, असे कोणालाही सुचेल. पण कोणते मूल कोणत्या तुकडीत जाते हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. काही मुख्याध्यापक अशा वर्गात मुद्दाम शांत, समजूतदार मुले घालतात. काही जण उलट, ज्यांना थोडी मदत लागेल पण ज्यांची अधिकृत नोंद झालेली नाही अशी मुले घालतात, कारण तिथे दोन शिक्षिका आहेत. या वर्गावर अनेकदा शाळेतली अनुभवी शिक्षिका दिली जाते. यांतली कोणतीही गोष्ट घडली की वजाबाकीचे उत्तर दुसऱ्याच कशाचे तरी मोजमाप होऊन बसते. जुन्या अभ्यासांतले कित्येक निष्कर्ष, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही, याच कारणाने मी बाजूला ठेवले.

याहून चांगला मार्ग म्हणजे मुलाची तुलना त्याच्याशीच करणे. एखादे मूल चौथीत सहअध्यापनाच्या वर्गात होते आणि पाचवीत नव्हते, तर त्या दोन वर्षांतला फरक पाहायचा, आणि असे हजारो मुलांच्या बाबतीत करायचे. मग ते मूल मुळात हुशार होते की नव्हते, घरी पुस्तके होती की नव्हती, हे प्रश्न बऱ्याच अंशी गळून पडतात. बॉस्टन विद्यापीठातल्या नेथन जोन्स आणि मार्कस विंटर्स यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नोंदी घेऊन नेमका सहअध्यापनाचा परिणाम अशा रीतीने मोजला. त्यांना विशेष गरजांच्या मुलांवर आणि इतर मुलांवर, दोन्हींवर परिणाम चांगल्या बाजूला दिसला, पण तो लहान होता. सहअध्यापनाचे पुरस्कर्ते जेवढे सांगतात त्याहून बराच लहान.

त्याच्याही आधी, 2002 मध्ये, हॅनुशेक, केन आणि रिव्हकिन या अर्थशास्त्रज्ञांनी टेक्सासच्या नोंदी तपासल्या होत्या. विशेष शिक्षणाच्या सेवांमुळे त्या मुलांचे गणित सुधारते, आणि त्यासाठी इतर मुलांना काही गमवावे लागत नाही, असे त्यांना आढळले. हॅनुशेक हे शिक्षणावरचा खर्च वाढवून गुण वाढतात या समजुतीवर आयुष्यभर शंका घेत आलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या हातून असा निष्कर्ष यावा, याचे मला अधिक वजन वाटले.

मग सर्वांत व्यापक आकडा. पोलंडमधल्या शुमस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 47 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत मिळून सुमारे 48 लाख विद्यार्थी होते. समावेशक वर्गांतल्या, म्हणजे विशेष गरजांची आणि इतर मुले एकत्र शिकतात अशा वर्गांतल्या, सर्वसाधारण मुलांच्या अभ्यासावरचा सरासरी परिणाम 0.12 प्रमाण विचलन इतका, चांगल्या बाजूला, निघाला. हा आकडा नुसता सांगून काही कळत नाही, म्हणून असे समजा: शंभर मुले गुणांच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी आहेत आणि आपले मूल बरोबर मध्ये आहे. एवढ्या परिणामाने ते पन्नासाव्या जागेवरून पंचावन्नाव्या जागेच्या आसपास जाईल. कौतुक वाटावे इतके हे नाही. पण पालकांच्या गटात ज्या घसरणीबद्दल रोज संदेश येत होते, ती घसरण सरासरीत कुठेच नाही. येथे एक सावधगिरीही बाळगायला हवी: हे विश्लेषण समावेशक वर्गांचे आहे, आणि असा प्रत्येक वर्ग दोन शिक्षिकांचा नसतो.

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये याच प्रश्नावरच्या अभ्यासांच्या केलेल्या आढाव्यात 81 टक्के निष्कर्ष चांगले किंवा तटस्थ होते. हा आकडा समावेशक शिक्षणाच्या प्रत्येक भाषणात येतो. माझ्यासारखीला मात्र उरलेले 19 टक्के कुठे आहेत हे पाहिल्याशिवाय झोप लागत नाही.

त्या प्रतिकूल बाजूचा एक चांगला अभ्यास जेसन फ्लेचर यांचा आहे, 2010 मधला. देशभरातल्या बालवाडी आणि पहिलीच्या मुलांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की वर्गात गंभीर भावनिक अडचणी असलेले मूल असेल, तर इतर मुलांच्या वाचनाच्या आणि गणिताच्या गुणांत थोडी घट होते. हा निष्कर्ष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तो नेमका कशाबद्दल आहे तेही पाहायला हवे. वाचनात अडखळणारे मूल, ऐकू कमी येणारे मूल, चाकांच्या खुर्चीवरचे मूल आणि रागाच्या भरात खुर्ची फेकणारे मूल, या सगळ्यांना आपण एकाच शब्दाखाली घालतो आणि मग त्या शब्दाला घाबरतो. विशेष गरजांच्या मुलांतला सर्वांत मोठा गट शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींचा, म्हणजे मुख्यतः वाचन, लेखन, गणित यांतल्या अडचणींचा आहे. अशा मुलाच्या शेजारी बसल्याने कोणाचे गुण कमी होण्याचे काही कारण मला तरी सापडले नाही. आणि भावनिक अडचणींचे मूल वर्गात असेल तर दुसरी शिक्षिका असणे हा त्यावरचा उपायच आहे, फक्त ती वर्गात असायला हवी. हा ‘फक्त’ किती मोठा आहे ते मला जानेवारीत कळले. त्याकडे पुढे येते.

तर मग प्रश्न उरतो तो आईचा. दुसरी करते काय?

याचे उत्तर शोधताना मला सहअध्यापनाशी थेट संबंध नसलेला एक जुना प्रयोग सर्वांत उपयोगी पडला. टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात ‘प्रोजेक्ट स्टार’ नावाचा मोठा प्रयोग झाला. बालवाडी ते तिसरीच्या साडेअकरा हजारांहून अधिक मुलांना तीन प्रकारच्या वर्गांत खरोखरच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले गेले: 13 ते 17 मुलांचा लहान वर्ग, 22 ते 25 मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि तेवढाच मोठा वर्ग पण पूर्ण वेळ मदतनीस असलेला. लहान वर्गातल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. मदतनीस असलेल्या वर्गातली मुले आणि नेहमीच्या वर्गातली मुले यांत मात्र फारसा फरक निघाला नाही. म्हणजे वर्गात आणखी एक मोठे माणूस उभे केले एवढ्याने मुले अधिक शिकली नाहीत. मुले लहान गटात बसली तेव्हा शिकली. मदतनीस ही प्रशिक्षित शिक्षिका नव्हे, हे मान्य. तरीही, दुसरी शिक्षिका जर मदतनिसासारखीच वागवली गेली तर तिच्याकडून मदतनिसापेक्षा वेगळ्या परिणामाची अपेक्षा कशी करायची?

आणि बहुतेक वेळा तसेच होते. स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी 2007 मध्ये सहअध्यापनाच्या वर्गांत बसून केलेल्या 32 अभ्यासांचा एकत्र विचार केला. सर्वांत जास्त दिसलेली पद्धत अशी: एक शिक्षिका फळ्यापाशी उभी राहून सगळ्या वर्गाला शिकवते, आणि दुसरी, बहुधा विशेष शिक्षणाची, बाकांमधून फिरत कोणाची वही बघते, कोणाला गप्प बसवते. सहअध्यापनाच्या पुस्तकांत सहा पद्धती सांगितलेल्या असतात. वर्गाचे दोन भाग करून दोघींनी तोच धडा एकाच वेळी शिकवणे, खोलीत तीन-चार ठिकाणे मांडून मुलांना गटागटाने फिरवणे, एकीने छोट्या गटाला मागे बसवून वेगळ्या रीतीने समजावणे, दोघींनी संवादासारखा धडा घेणे, वगैरे. यांतल्या ज्या पद्धतींत गट लहान होतात, त्यांत माझ्या मुलीचा प्रत्यक्ष फायदा आहे. अठ्ठावीस मुलांचे दोन भाग केले की चौदा होतात, आणि चौदा म्हणजे टेनेसीचा लहान वर्ग. पण त्यासाठी दोघींनी आदल्या दिवशी एकत्र बसून ठरवावे लागते. बाकांमधून फिरायला काही ठरवावे लागत नाही.

नोव्हेंबरात पालकांना वर्गात बसू दिले त्या दिवशी मी हे डोळ्यांनी पाहिले. अपूर्णांक चालू होते. अर्ध्या मुलांना एका बाईंनी गालिच्यावर घेतले होते आणि त्या कागदाच्या पट्ट्या दुमडून एकतृतीयांश आणि एकषष्ठांश दाखवत होत्या. दुसऱ्या बाई खिडकीपाशी उरलेल्यांना संख्यारेषेवर तेच शिकवत होत्या. वीस मिनिटांनी गट बदलले. एकषष्ठांश हा एकतृतीयांशापेक्षा मोठा का नाही, कारण सहा तर तीनपेक्षा मोठे आहेत, असा वाद माझी मुलगी आणि तिच्या शेजारचा एक मुलगा घालत होते, आणि तो मुलगा पट्टी तिच्या नाकासमोर धरून तिला पटवत होता. दोघांपैकी चूक माझी मुलगी करत होती. त्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा (विशेष गरजांच्या मुलासाठी शाळा करते तो) आहे की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. ती माहिती इतर पालकांना द्यायचीच नसते. वर्गातली ‘ती’ मुले कोणती हे मी मुलीला आडून विचारून पाहिले होते. तिला प्रश्नच कळला नाही. दोन बाईंपैकी विशेष शिक्षणाच्या कोणत्या, हेही तिला सांगता आले नाही, आणि मला वाटते की त्या दोघी आपले काम चोख करत होत्या याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता.

जानेवारीपासून चित्र बदलले. थंडीतापाच्या दिवसांत शाळेतल्या शिक्षिका एकामागून एक रजेवर जाऊ लागल्या, आणि बदलीला माणूस मिळाले नाही की या वर्गातल्या दुसऱ्या बाईंना उचलून त्या रिकाम्या वर्गावर पाठवले जाऊ लागले. ‘आज एकच बाई होत्या’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा ऐकले. ज्या दिवशी दुसऱ्या बाई नसत, त्या दिवशी अठ्ठावीस मुले, त्यांतली कित्येक खास मदतीची हक्कदार, आणि एक शिक्षिका. माझ्या ऑगस्टमधल्या भीतीला काही आधार असेल तर तो अशा दिवसांत होता. कागदावर हा वर्ग वर्षभर सहअध्यापनाचाच राहिला. राज्याच्या नोंदींत, आणि उद्या त्या नोंदींवर कोणी अभ्यास केला तर त्यातही, तो तसाच मोजला जाईल. सरासरी परिणाम इतका लहान का निघतो याचे एक कारण मला तेथे दिसले: चांगले चाललेले वर्ग, नुसत्या फेऱ्या मारणारे वर्ग आणि नावापुरते दोन शिक्षिकांचे वर्ग, सगळे एकाच रकान्यात बसतात.

आईला हे सांगितले तर ती हसली. ‘म्हणजे तिकडेही तेच,’ एवढेच म्हणाली. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षण आहे, आणि प्राथमिक शाळेत विशेष गरजांच्या दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवले आहे. पण तिच्या आठवणीतले विशेष शिक्षक फिरते होते. ते मोटारसायकलवरून यायचे, ठरलेल्या मुलांना घेऊन व्हरांड्यात बसायचे आणि पुढच्या गावाला जायचे. वर्ग आणि ते यांची गाठच पडत नसे, त्यामुळे बाकीच्या मुलांना त्यांचा फायदा होणे किंवा तोटा होणे, दोन्ही शक्यच नव्हते.

मुलीचा राज्याच्या परीक्षेचा निकाल चांगला आला. पण नमुना एकाचा आहे, आणि माझ्या व्यवसायात एकाच्या नमुन्यावर बोलणाऱ्याला खोलीबाहेर काढतात. शिवाय या परीक्षेत फक्त वाचन आणि गणित असते. नाकासमोर पट्टी धरणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकून घेऊन आपली चूक मान्य करणे त्या परीक्षेत मोजले जात नाही, आणि ते मोजता यावे असा माझा आग्रहही नाही.

चौथीच्या तुकड्या ठरण्यापूर्वी, जूनमध्ये, मुख्याध्यापिकांनी पालकांना भेटायला बोलावले. पुन्हा आयसीटीचा वर्ग चालेल का, असे त्यांनी विचारले. वर्गात विशेष गरजांची मुले किती असतील हे मी विचारले नाही. मी दोन गोष्टी विचारल्या: दोघी शिक्षिकांना एकत्र बसून धडे ठरवायला आठवड्यात किती तास मिळतात, आणि बदलीसाठी दुसऱ्या बाईंना वर्गातून काढणार नाही असे शाळा सांगू शकते का. पहिल्याचे उत्तर ‘वेळापत्रकात एक तास, बुधवारी’ असे मिळाले. दुसऱ्याला त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘प्रयत्न करू.’ मी होकार दिला, आणि घरी येताना बुधवार दिनदर्शिकेत नोंदवून ठेवला. सप्टेंबरात तो तास खरोखर होतो आहे का, हे विचारायला जायचे आहे.